कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५

कर्मचारी निवृत्तिवेतन योजना, १९९५ ही भारतातील खासगी आणि सहकारी आस्थापनांतील तसेच काही सार्वजनिक उपक्रमांतील कामगार-कर्मचाऱ्यांना उतारवयात दरमहा ठरावीक रक्कम देणारी वैधानिक योजना होय. ती १६ नोव्हेंबर १९९५ रोजी अमलात आली. तिचे प्रशासन कर्मचारी भविष्य निर्वाह निधी संघटनेकडे (ईपीएफओ) आहे. व्यवहारात ती 'ईपीएस-९५' या लघुनामाने ओळखली जाते. देशात या योजनेचे सुमारे ७८ लाख निवृत्तिवेतनधारक आहेत. महाराष्ट्रात एस.टी. महामंडळ, वीज कंपन्या, सहकारी साखर कारखाने, सूतगिरण्या, सहकारी बँका आणि खासगी कारखाने यांतून निवृत्त झालेल्यांचा त्यांत समावेश होतो. निवृत्तिवेतनाच्या अल्प रकमेविरुद्ध उभ्या राहिलेल्या देशव्यापी आंदोलनाचे मुख्यालय विदर्भातील बुलढाणा येथे आहे.

शासकीय कर्मचाऱ्यांचे निवृत्तिवेतन आणि ही योजना यांत पुष्कळदा गल्लत केली जाते. दोहोंचा पाया मात्र पूर्णतः भिन्न आहे. खामगाव तालुक्यातील पिंपळगाव राजासारख्या मोठ्या गावात एकाच आळीत जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक आणि जिनिंग-प्रेसिंगमधून निवृत्त झालेला कामगार शेजारी शेजारी राहत असल्याची कल्पना केली, तर हा भेद चटकन लक्षात येतो. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी नेमणूक झालेल्या शिक्षकास महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२ नुसार पूर्ण सेवेनंतर अखेरच्या वेतनाच्या निम्मी रक्कम आणि तिच्यावर वेळोवेळी वाढणारा महागाई भत्ता मिळतो. शेजारच्या कामगाराचे निवृत्तिवेतन एका सूत्राने एकदाच ठरते, आणि पुढे महागाई कितीही वाढली तरी ते आपोआप वाढत नाही. दोघेही आपापल्या मिळकतीला 'पेन्शन'च म्हणतात.

पार्श्वभूमी

कर्मचारी भविष्य निर्वाह निधी अधिनियम १९५२ साली संमत झाला. त्यामागील कल्पना साधी होती. कामगाराने आणि मालकाने दरमहा सारखी रक्कम निधीत टाकावी आणि नोकरी संपल्यावर ती व्याजासह कामगाराच्या हाती यावी. या व्यवस्थेतील उणीव लवकरच दिसून आली. कामगार ऐन उमेदीत दगावला, तर तोवर जमलेली किरकोळ रक्कम कुटुंबाला फार काळ पुरत नसे. म्हणून १ मार्च १९७१ पासून कुटुंब निवृत्तिवेतन योजना सुरू करण्यात आली. तीत कामगार, मालक आणि केंद्र शासन यांच्याकडून प्रत्येकी वेतनाच्या १.१६ टक्के रक्कम जमा होई. ती मुख्यतः मृत कामगाराच्या कुटुंबासाठी होती. हयात निवृत्त कामगाराला तिच्यातून दरमहा काही मिळत नसे.

१९९५ च्या योजनेने ही स्थिती बदलली. कामगाराला स्वतःला आणि त्याच्या पश्चात कुटुंबाला दरमहा रक्कम मिळू लागली. जुन्या कुटुंब निवृत्तिवेतन योजनेचा निधी आणि तिचे सभासद नव्या योजनेत वर्ग झाले.

पैसा कोठून येतो

या योजनेबाबत सर्वांत मोठा गैरसमज येथेच आहे. वेतनातून कापल्या जाणाऱ्या १२ टक्क्यांतून आपली पेन्शन उभी राहते, असे बहुतेक कामगार समजतात. प्रत्यक्षात कामगाराचे संपूर्ण १२ टक्के भविष्य निर्वाह निधीत, म्हणजे 'फंडा'त जातात. मालक तेवढीच रक्कम भरतो. तिचे मात्र दोन भाग होतात. वेतनाच्या ८.३३ टक्के रक्कम निवृत्तिवेतन निधीत जाते आणि उरलेले ३.६७ टक्के फंडात जमा होतात. केंद्र शासन वेतनाच्या १.१६ टक्के इतकी भर निवृत्तिवेतन निधीत घालते.

हे ८.३३ टक्के संपूर्ण वेतनावर काढले जात नाहीत. त्यासाठी वेतनाची कमाल मर्यादा ठरलेली आहे. योजना सुरू झाली तेव्हा ही मर्यादा ५,००० रुपये होती. १ जून २००१ पासून ती ६,५०० रुपये आणि १ सप्टेंबर २०१४ पासून १५,००० रुपये झाली. म्हणजे २००१ ते २०१४ या काळात एखाद्या कामगाराचे वेतन २०,००० रुपये असले, तरी त्याच्या निवृत्तिवेतनासाठी दरमहा ५४१ रुपयेच भरले जात. २०१४ नंतर ही रक्कम १,२५० रुपये झाली. १५,००० रुपये वेतन असलेल्या कामगाराचा महिन्याचा हिशोब पुढीलप्रमाणे असतो: त्याच्या स्वतःच्या वेतनातून १,८०० रुपये फंडात, मालकाकडून ५५० रुपये फंडात आणि १,२५० रुपये निवृत्तिवेतन निधीत, शासनाकडून १७४ रुपये निवृत्तिवेतन निधीत.

फंडातील रक्कम सभासदाच्या वैयक्तिक खात्यावर असते आणि तिच्यावर दरवर्षी जाहीर होणाऱ्या दराने व्याज मिळते (२०२३-२४ या वर्षासाठी ८.२५ टक्के). निवृत्तिवेतन निधी हा मात्र सर्वांचा सामाईक हौद आहे. त्यात कोणाच्याही नावावर शिल्लक नसते आणि व्याजही जमा होत नाही. पासबुकात पेन्शनच्या रकान्यात दिसणारा आकडा केवळ भरण्याची नोंद असतो. 'माझे अडीच लाख जमा असताना पेन्शन इतकी कमी कशी', या वारंवार विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाचे मूळ या रकान्यात आहे.

निवृत्तिवेतनाचे गणित

वयाची ५८ वर्षे आणि किमान १० वर्षांची पात्र सेवा पूर्ण झाल्यावर मासिक निवृत्तिवेतन मिळते. पात्र वेतनाला पात्र सेवेच्या वर्षांनी गुणून ७० ने भागले की निवृत्तिवेतनाची रक्कम येते. पात्र वेतन म्हणजे पूर्वी अखेरच्या १२ महिन्यांच्या वेतनाची सरासरी धरली जाई. १ सप्टेंबर २०१४ पासून अखेरच्या ६० महिन्यांची सरासरी धरली जाते. वरील कमाल मर्यादा येथेही लागू असते. वाढत्या वेतनाच्या कामगाराला ६० महिन्यांच्या सरासरीमुळे तोटा होतो, हे उघड आहे. वीस वर्षे किंवा अधिक सेवा करून ५८ व्या वर्षी निवृत्त होणाऱ्याच्या सेवेत दोन वर्षे अधिक धरली जातात.

उदाहरणार्थ, एखादा कामगार १ सप्टेंबर १९९९ रोजी नोकरीस लागून ३१ ऑगस्ट २०२४ रोजी वयाच्या ५८ व्या वर्षी निवृत्त झाला आणि त्याचे वेतन सतत मर्यादेइतके किंवा अधिक होते, असे समजू. त्याची सेवा २५ वर्षांची आहे. ३१ ऑगस्ट २०१४ पर्यंतच्या १५ वर्षांसाठी ६,५०० रुपयांची आणि त्यानंतरच्या १० वर्षांसाठी १५,००० रुपयांची मर्यादा लागू होते, कारण २०१४ च्या दुरुस्तीने सेवेचे असे दोन तुकडे पाडले आहेत. पहिल्या तुकड्याचे ६,५०० गुणिले १५ भागिले ७०, म्हणजे सुमारे १,३९३ रुपये होतात. दुसऱ्या तुकड्याचे १५,००० गुणिले १० भागिले ७०, म्हणजे सुमारे २,१४३ रुपये. एकूण ३,५३६ रुपये. दोन वर्षांच्या वाढीव सेवेने यात आणखी १८६ ते ४२९ रुपयांच्या दरम्यान भर पडते. पंचवीस वर्षे सलग आणि मर्यादेइतक्या वेतनावर नोकरी करणाऱ्याला चार हजारांच्या आत निवृत्तिवेतन मिळते, हे या सूत्राचे रोकडे उत्तर आहे. याच कामगारासाठी मालकाने पंचवीस वर्षांत भरलेल्या रकमेची बेरीज सुमारे २ लाख ४५ हजार रुपये होते.

१९९५ पूर्वीपासून नोकरीत असलेल्यांची स्थिती याहून बिकट झाली. त्यांच्या १५ नोव्हेंबर १९९५ पर्यंतच्या सेवेला वरील सूत्र लागूच होत नाही. त्या सेवेसाठी एक ठोकळ रक्कम ठरवून दिलेली आहे. वेतन २,५०० रुपयांपर्यंत असल्यास ११ वर्षांपर्यंतच्या सेवेला ८० रुपये, १५ वर्षांपर्यंत ९५, २० वर्षांपर्यंत १२० आणि त्याहून अधिक सेवेला १५० रुपये. वेतन २,५०० रुपयांहून अधिक असल्यास अनुक्रमे ८५, १०५, १३५ आणि १७० रुपये. १९९५ नंतर निवृत्तीपर्यंत जितकी वर्षे गेली असतील, त्यांनुसार या रकमेला एक गुणक लावला जातो. तरीही नव्वदच्या दशकाच्या अखेरीस व पुढील दशकात निवृत्त झालेल्या पिढीच्या आयुष्यातील अर्धी नोकरी या काही शेकडा रुपयांत मोजली गेली. आज सत्तरी-पंच्याहत्तरीत असलेल्या निवृत्तिवेतनधारकांच्या तक्रारी समजून घ्यायच्या, तर हा तक्ता आधी पाहावा लागतो.

वयाच्या ५० व्या वर्षापासून मुदतपूर्व निवृत्तिवेतन घेता येते. मात्र ५८ ला जितकी वर्षे कमी, तितक्या प्रत्येक वर्षासाठी ४ टक्के घट होते, आणि ही घट कायमची असते. कारखाना बंद पडल्यावर अनेकांना हा मार्ग नाइलाजाने पत्करावा लागतो. याउलट ५८ नंतर निवृत्तिवेतन घेणे ६० वर्षे वयापर्यंत लांबवल्यास दरवर्षी ४ टक्के वाढ मिळते.

हंगामी कामगारांसाठी योजनेत एक हिताची तरतूद आहे. सरकी काढणे व गाठी बांधणे, साखर, डाळ मिल, तेल गिरणी अशा हंगामी आस्थापनांतील कामगाराने वर्षातील काही महिनेच काम केले असले, तरी ते वर्ष पूर्ण सेवेचे धरले जाते. खामगाव-मलकापूरच्या कापूसपट्ट्यात तिचे महत्त्व वेगळे सांगायला नको. मात्र त्या हंगामाचा भरणा मालकाने प्रत्यक्ष केलेला असणे आवश्यक असते, आणि कंत्राटदारामार्फत काम करणाऱ्यांच्या बाबतीत अडचण येते ती येथेच.

किमान निवृत्तिवेतन

योजनेच्या आरंभीच्या काळात काहींना दरमहा शंभर-दोनशे रुपये इतके निवृत्तिवेतन मंजूर झाले. याविषयी राज्यसभेच्या याचिका समितीपुढे अर्ज गेला. भगतसिंह कोश्यारी यांच्या अध्यक्षतेखालील त्या समितीने २०१३ मध्ये किमान ३,००० रुपयांची शिफारस केली. (कोश्यारी पुढे २०१९ ते २०२३ या काळात महाराष्ट्राचे राज्यपाल होते, आंदोलकांच्या भाषणांतून 'कोश्यारी समिती' हा शब्दप्रयोग त्यामुळे महाराष्ट्रात विशेष रुळला.) जुलै २०१४ च्या अर्थसंकल्पात किमान १,००० रुपयांची घोषणा झाली आणि १ सप्टेंबर २०१४ पासून ती अमलात आली. मुलांसाठी किमान २५० आणि अनाथ मुलांसाठी ७५० रुपये ठरले.

१,००० रुपयांची ही हमी सर्वांच्या हाती तेवढीच रक्कम पडेल अशी नाही. किमान रक्कम ठरते ती कपातीपूर्वी. ज्यांनी पूर्वी निवृत्तिवेतनाचे अंशराशीकरण करून, म्हणजे दरमहाच्या रकमेचा एक तृतीयांशापर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेतले, किंवा ज्यांनी मुदतपूर्व निवृत्तिवेतन स्वीकारले, त्यांच्या हाती हजाराहून कमी रक्कम पडते. अंशराशीकरणाची सोय सप्टेंबर २००८ मध्ये बंद झाली. त्यापूर्वी तिचा लाभ घेतलेल्यांना १५ वर्षांनंतर पूर्ण निवृत्तिवेतन पूर्ववत देण्याचा निर्णय फेब्रुवारी २०२० मध्ये अधिसूचित झाला.

किमान रक्कम महागाईशी जोडलेली नाही. महागाई दरवर्षी पाच टक्के धरली, तर २०१४ साली १,००० रुपयांत येणाऱ्या जिनसांना दहा वर्षांनी १,६२९ रुपये पडतात. केंद्र शासनाच्या निवृत्त कर्मचाऱ्याचे किमान निवृत्तिवेतन १ जानेवारी २०१६ पासून ९,००० रुपये आहे आणि त्यावर महागाई भत्ता वेगळा मिळतो.

वाढीच्या मागणीवर केंद्रीय श्रम मंत्रालयाचे उत्तर ठरलेले असते. निधीत येणारा पैसा आणि भविष्यात द्यावयाची रक्कम यांचा विमागणिती ताळेबंद दरवर्षी मांडला जातो आणि त्यात तूट दिसते. १,००० रुपयांच्या किमान हमीसाठीही शासनाला वेगळी अर्थसंकल्पीय तरतूद करावी लागते. हे उत्तर हिशोबाच्या दृष्टीने चुकीचे नाही. परंतु अंशदान ज्या वेतनावर घ्यायचे त्याची मर्यादा तेरा वर्षे ६,५०० रुपयांवर रोखून ठेवण्याचा निर्णय कामगारांचा नव्हता, हेही तितकेच खरे आहे. निधी तोकडा पडण्याचे आणि निवृत्तिवेतन तोकडे असण्याचे एक मोठे कारण ही रोखलेली मर्यादा आहे.

बुलढाण्याचे आंदोलन

निवृत्तिवेतनधारकांच्या संघटना देशभर पूर्वीपासून होत्या. त्यांपैकी बुलढाणा येथे मुख्यालय असलेली ईपीएस-९५ राष्ट्रीय संघर्ष समिती ही देशव्यापी ठरली. कमांडर अशोक राऊत हे तिचे राष्ट्रीय अध्यक्ष होत. समितीने २४ डिसेंबर २०१८ रोजी बुलढाण्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयासमोर साखळी उपोषण सुरू केले. रोज काही निवृत्तिवेतनधारक उपोषणास बसत आणि दुसऱ्या दिवशी त्यांची जागा इतर घेत. ते अनेक वर्षे चालू राहिले. साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसांना बेमुदत उपोषण झेपणारे नव्हते. साखळी उपोषणाने आंदोलन दीर्घकाळ टिकले आणि गावोगावचे निवृत्तिवेतनधारक त्याला जोडले गेले.

समितीच्या मुख्य मागण्या चार आहेत. किमान निवृत्तिवेतन ७,५०० रुपये करावे व त्यावर महागाई भत्ता द्यावा; निवृत्तिवेतनधारक व त्याचा जोडीदार यांना मोफत वैद्यकीय सेवा मिळावी; सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांनुसार प्रत्यक्ष वेतनावर निवृत्तिवेतन द्यावे; आणि योजनेतून वगळले गेलेल्यांना सामावून घेऊन किमान ५,००० रुपये द्यावेत. वैद्यकीय सेवेच्या मागणीमागे एक विसंगती आहे. कर्मचारी राज्य विमा योजनेचे वैद्यकीय संरक्षण नोकरी असेपर्यंत सहज मिळते. निवृत्तीनंतर ते चालू राहण्यास अटी आहेत. म्हणजे औषधोपचाराची गरज वाढते त्याच वयात आधार कमी होतो.

४ मार्च २०२० रोजी खासदार हेमा मालिनी यांच्यासमवेत समितीच्या शिष्टमंडळाने पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची भेट घेतली. त्यानंतर लगेचच कोविडची साथ आली आणि विषय मागे पडला. ३१ जुलै २०२४ रोजी दिल्लीत जंतरमंतर येथे मोठे धरणे झाले आणि पाठोपाठ केंद्रीय श्रममंत्री मनसुख मांडविया यांच्याशी चर्चा झाली.

उच्च वेतनावरील निवृत्तिवेतनाचा वाद

मार्च १९९६ मध्ये योजनेत एक तरतूद घातली गेली. तिच्यानुसार मालक आणि कामगार यांनी संयुक्त विकल्प दिल्यास कमाल मर्यादेऐवजी प्रत्यक्ष वेतनावर ८.३३ टक्के भरता येत आणि निवृत्तिवेतनही प्रत्यक्ष वेतनावर मिळे. ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक होती. ज्यांनी उशिरा विकल्प दिला, त्यांचे अर्ज मुदतीच्या कारणावरून नाकारले गेले. सर्वोच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१६ रोजी आर. सी. गुप्ता खटल्यात असा विकल्प देण्यास मुदत नाही, असा निर्णय दिला. दरम्यान २०१४ च्या दुरुस्तीने ही तरतूदच काढून टाकली होती. त्या दुरुस्तीला आव्हान देणाऱ्या खटल्यांत ४ नोव्हेंबर २०२२ रोजी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दुरुस्ती मुख्यतः वैध ठरवली. मात्र १ सप्टेंबर २०१४ रोजी सेवेत असलेल्यांना विकल्पासाठी चार महिन्यांची नवी संधी दिली. १ सप्टेंबर २०१४ पूर्वी विकल्प न देता निवृत्त झालेल्यांना ही संधी मिळाली नाही. मुदत वाढत वाढत ११ जुलै २०२३ पर्यंत गेली आणि सतरा लाखांहून अधिक अर्ज आले.

विकल्प स्वीकारणे सर्वांच्याच लाभाचे होते असे नाही. मागील सर्व वर्षांतील फरकाची रक्कम व्याजासह फंडातून निवृत्तिवेतन निधीत वळवावी लागते. निवृत्त व्यक्तीने फंड आधीच काढून घेतला असल्यास ती रक्कम परत भरावी लागते. एकरकमी लाखो रुपये सोडून दरमहा वाढीव रक्कम घेणे म्हणजे आपण आणि आपला जोडीदार किती वर्षे जगू, यावर बांधलेला अंदाज होय. कुटुंबात दीर्घायुष्य असेल आणि पती-पत्नीच्या वयात अंतर असेल, तर मासिक रकमेचे पारडे जड होते. गंभीर आजार किंवा डोक्यावर कर्ज असेल, तर एकरकमेचे.

कुटुंबाचे निवृत्तिवेतन

निवृत्तिवेतनधारकाच्या मृत्यूनंतर विधवेस किंवा विधुरास त्याच्या निवृत्तिवेतनाच्या निम्मी रक्कम मिळते. एका वेळी दोन अपत्यांना, वयाच्या २५ व्या वर्षापर्यंत, विधवा निवृत्तिवेतनाच्या २५ टक्के प्रत्येकी मिळतात. आईवडील दोघेही नसल्यास हे प्रमाण ७५ टक्के होते. सेवेत असताना मृत्यू झाल्यास दहा वर्षांच्या सेवेची अट लागू होत नाही. वारसनोंद वेळेवर न केल्याने किंवा पत्नीचे नाव आधारपत्रावर एक आणि फंडाच्या नोंदीत दुसरे असल्याने दावे रखडतात. माहेरचे नाव, सासरचे नाव आणि टोपणनाव अशी तीन नावे असलेल्या ग्रामीण स्त्रियांना याचा त्रास सर्वाधिक होतो.

तुटक सेवा

नोकरी बदलताना फंड आणि पेन्शनचे पैसे काढून घेण्याची प्रथा फार रूढ आहे. दहा वर्षांहून कमी सेवा असल्यास निवृत्तिवेतन निधीतून 'परतावा' मिळतो, आणि तो घेतला की ती सेवा पुसली जाते. चार ठिकाणी सहा-सहा वर्षे काम करून प्रत्येक वेळी पैसे काढणाऱ्याच्या हाती चोवीस वर्षांच्या नोकरीनंतर निवृत्तिवेतनाचा हक्क उरत नाही. पैसे न काढता योजना प्रमाणपत्र घेतल्यास, किंवा खाते नव्या नोकरीत वर्ग केल्यास, सेवा जोडली जाते. सार्वत्रिक खाते क्रमांक आल्यापासून हे सुलभ झाले आहे. त्यापूर्वीची खाती आजही विखुरलेली आढळतात. मुलीचे लग्न, घराचे बांधकाम, शेतातील विहीर यांसाठी फंडातून उचल केली जाते. प्रत्येक कारण आपापल्या जागी रास्तच असते. निवृत्तीच्या दिवशी फंडात काय उरले, ते त्यांच्या बेरजेवर ठरते.

पूरक बचत

निवृत्तिवेतन चार हजारांच्या घरात राहणार हे एकदा मान्य केले, की नियोजनाचा प्रश्न स्पष्ट होतो. खाण्यापिण्याचा, औषधपाण्याचा आणि येण्याजाण्याचा मासिक खर्च आणि हे निवृत्तिवेतन यांतील तफावत कोठून भरून काढायची? संघटित कामगाराकडे यासाठी दोन मोठ्या रकमा असतात: फंड आणि उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी. पाच वर्षांहून अधिक सेवा झालेल्यास दर वर्षाच्या सेवेसाठी पंधरा दिवसांचे वेतन उपदान म्हणून मिळते, आणि महिना २६ दिवसांचा धरला जातो. अखेरचे वेतन १८,००० रुपये आणि सेवा २५ वर्षे असल्यास ही रक्कम सुमारे २ लाख ६० हजार रुपये होते.

एकरकमी आलेला पैसा टिकवणे हे तो मिळवण्याइतकेच अवघड ठरते. साठ वर्षांवरील व्यक्तीस (निवृत्तांच्या बाबतीत अटींसह ५५ पासून) पोस्टात किंवा बँकेत ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ३० लाख रुपयांपर्यंत ठेवता येतात. ८.२ टक्के या २०२३-२४ मधील दराने ५ लाख रुपयांवर दर तिमाहीला १०,२५० रुपये, म्हणजे दरमहा सुमारे ३,४०० रुपये पडतात. वरच्या उदाहरणातील कामगाराचे उत्पन्न एवढ्यानेच जवळपास दुप्पट होते. पोस्टाची मासिक प्राप्ती योजना हा दुसरा प्रचलित मार्ग होय.

विदर्भ-मराठवाड्यात निवृत्तीचे पैसे अधिक व्याजाच्या आशेने पतसंस्थांत ठेवण्याची प्रथा आहे. येथे एक फरक ध्यानात घेण्याजोगा आहे. बँकेतील ठेवींना, सहकारी बँकांतील ठेवींनासुद्धा, ५ लाख रुपयांपर्यंत ठेव विम्याचे संरक्षण आहे (फेब्रुवारी २०२० पासून). पतसंस्थेतील ठेवींना ते नाही. भिशी आणि खासगी व्याजबट्टा यांना तर कसलेच संरक्षण नसते.

नोकरीच्या काळातील बचतीत रकमेपेक्षा अवधीला अधिक महत्त्व असते. दरमहा २,००० रुपये बाजूला टाकले आणि वार्षिक ८ टक्के दर मिळत गेला असे धरले, तर दहा वर्षांत सुमारे ३ लाख ६६ हजार, वीस वर्षांत ११ लाख ७८ हजार आणि तीस वर्षांत २९ लाख ८० हजार रुपये होतात. शेवटच्या दहा वर्षांत जी भर पडते, ती आधीच्या वीस वर्षांच्या एकूण रकमेहूनही मोठी असते. हा दर कोणी हमीने देत नाही. प्रमाण मात्र त्यावरून कळते. सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी, स्वेच्छेने फंडात वाढीव कपात करणे आणि २००९ पासून सर्व नागरिकांना खुली असलेली राष्ट्रीय निवृत्तिवेतन प्रणाली हे यासाठीचे नेहमीचे मार्ग आहेत.

ज्यांची आस्थापना कायद्याच्या कक्षेत येत नाही, अशा शेतमजूर, दुकानातील नोकर, रिक्षाचालक यांच्यासाठी २०१५ पासून अटल पेन्शन योजना आहे. १८ ते ४० वर्षे वयात सामील होता येते आणि साठीनंतर १,००० ते ५,००० रुपयांचे हमी निवृत्तिवेतन मिळते. ५,००० रुपयांसाठी १८ व्या वर्षी दरमहा २१० रुपये भरावे लागतात, तर ४० व्या वर्षी १,४५४ रुपये. आयकर भरणाऱ्यांना ऑक्टोबर २०२२ पासून तीत नव्याने प्रवेश नाही.

कार्यपद्धती

निवृत्तिवेतनाचा दावा नमुना १०-ड मध्ये करावा लागतो. तो मालकामार्फत किंवा सार्वत्रिक खाते क्रमांकाच्या संकेतस्थळावरून सादर करता येतो. बुलढाणा जिल्ह्याचे कामकाज संघटनेच्या अकोला येथील कार्यालयाकडे आहे. मंजुरीनंतर निवृत्तिवेतन प्रदान आदेश दिला जातो. त्यावरील क्रमांक पुढील प्रत्येक व्यवहारात लागतो. १ जानेवारी २०२५ पासून केंद्रीकृत वितरण पद्धती लागू झाल्याने देशातील कोणत्याही बँकेच्या कोणत्याही शाखेतून निवृत्तिवेतन घेता येते. मुलाकडे पुण्यास किंवा सुरतेस राहावयास गेलेल्या वृद्धांना आता खाते बदलण्याचा खटाटोप करावा लागत नाही.

हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावा लागतो. त्यासाठी नोव्हेंबर महिन्याचे बंधन आता नाही. दाखला ज्या दिवशी दिला, तेथून एक वर्ष तो ग्राह्य असतो. २०१४ पासून तो 'जीवन प्रमाण' पद्धतीने बोटाच्या ठशावर देता येतो. आयुष्यभर कष्टाची कामे केलेल्यांच्या बोटांवरील रेषा झिजलेल्या असतात आणि यंत्र ठसा घेत नाही, अशी अडचण वारंवार येते. अशा वेळी भ्रमणध्वनीवरून चेहरा ओळखून दाखला देण्याची सोय उपलब्ध आहे, आणि पोस्टमनमार्फत घरपोच दाखलाही मिळतो.